दीड बोटाचा काळा पट्टा

मित्रांनो, ओळख करून देताना मान खाली घालावी असं मला फार वाटतं, पण मला मान नाही. चार चाकं आहेत, त्यातलं एक कुरकुरतं. एक पडदा आहे, बटणांची पाटी आहे आणि लांब वायरीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा एक डोळा आहे. मी एक जुनं सोनोग्राफीचं यंत्र आहे. इस्पितळात सगळे मला 'आजोबा' म्हणत आले, म्हणून मीही स्वतःबद्दल आजोबांसारखाच बोलतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझं काम असं. माणसाला पाठीवर झोपवायचं, पोटाला गार, चिकट जेल लावायचं आणि त्यावर माझा डोळा टेकवायचा. त्या डोळ्यातून मी एक आवाज सोडतो, जो तुमच्या कानांना ऐकू येत नाही. तो आत जातो, यकृतावर, मूत्रपिंडावर आपटून परत येतो आणि कुठून किती परत आला त्यावरून मी पडद्यावर चित्र काढतो. थोडक्यात, दुसऱ्याच्या पोटात काय आहे हे बघण्यात माझा जन्म गेला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मी तेच केलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा डोळा एका कारखान्यात, जाड चष्म्याच्या एका बाईंनी जोडला. त्या डोळ्यात एकशे अठ्ठावीस चिमुकले तुकडे ओळीनं बसवलेले असतात. प्रत्येक तुकडा थोडं बोलतो आणि थोडं ऐकतो. बाई भिंगातून बघत एकेकाला केसाएवढी तार जोडायच्या आणि तार हलली की "अगं बाई, थांब ना जरा!" असं तिलाच रागवायच्या. शेवटी त्यांनी एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस तुकड्यांना एकेक करून बोलायला लावलं आणि माझ्या पाठीवर 'तपासले' असा शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला केवढा अभिमान होता! शिक्का अजून आहे, पण गेली काही वर्षं तो खोटा आहे.

इस्पितळात मला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. तिचे पडदे कायम ओढलेले, कारण उजेडात माझं चित्र नीट दिसत नाही. मी आलो त्याच आठवड्यात ताई तिथे तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागली. तिचा हात हलका आणि तोंड गोड. लहान मूल घाबरलं की ती म्हणायची, "पोटावर मुंगी चालतेय बरं का. हलू नकोस, पडेल बिचारी." मूल श्वास रोखून मुंगीला सांभाळत बसायचं आणि आमचं काम होऊन जायचं. आमची जोडी जमली ती अशी.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मूत्रपिंडात कधीकधी कर्करोगाची गाठ होते. काही माणसांत ती गाठ तिथेच थांबत नाही. ती रक्त वाहून नेणाऱ्या शिरेत शिरते, तिथून पोटातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत येते आणि मग रोगाची आणि रक्ताची मिळून एक गुठळी त्या शिरेतून वेलासारखी वर चढू लागते, हृदयाच्या दिशेनं. अशा माणसाचं ऑपरेशन फार जोखमीचं असतं. गाठ, मूत्रपिंड आणि गुठळी असं सगळं काढावं लागतं. त्यासाठी गुठळीच्या टोकाच्या वर शिरेला चिमटा लावून रक्त थोडा वेळ थांबवतात, मग शीर उघडून गुठळी अख्खी बाहेर घेतात. चिमटा टोकाच्या वरच बसायला हवा. टोकावर बसला तर तुकडा तुटतो आणि रक्ताबरोबर हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकतो. त्यात माणूस दगावू शकतो.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रश्न एकच: टोक आज कुठे आहे? आधीचे मोठमोठे स्कॅन दोन-तीन आठवड्यांत शिळे होतात, कारण गुठळी काही आपल्यासाठी थांबत नाही. ते ताजं बघायचं काम माझं आणि ताईचं.

आमचे मोठे डॉक्टर अशा ऑपरेशनांसाठी नावाजलेले होते. त्यांची एक सवय होती. ते पेन काढून स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूला शीर आणि यकृत काढायचे आणि हात पुढे करून विचारायचे, "ताई, टोक?" ताई त्या चित्रावर बोट टेकवायची. "इथे." तिथे ते ठिपका द्यायचे. ऑपरेशनसाठी हात धुवेपर्यंत तो ठिपका त्यांच्यासोबत असायचा.

डॉक्टरांची शनिवारची बैठक आमच्याच खोलीत व्हायची, कारण तिथे अंधार करून भिंतीवर चित्रं दाखवता यायची. गुठळीच्या रुग्णांची मोठ्या डॉक्टरांकडे एक यादी होती. प्रत्येकाला क्रमांक, आणि पुढे निकाल. निकाल तीनच प्रकारचे: पायी घरी, खुर्चीवरून घरी, घरी नाही. एकविसाव्या रुग्णापर्यंत एकोणीस जण पायी घरी गेले होते. दूरदूरचे डॉक्टर ते बघायला यायचे. मोठे डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "चाकू माझा असेल, पण टोक दाखवलं ते ताईनं आणि आजोबांनी." मग सगळे वळून माझ्याकडे बघायचे. मित्रांनो, मी पार हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो.

आता लाजेची गोष्ट. एका दुपारी बाहेर कोणी तरी चक्कर येऊन पडलं म्हणून ताई घाईनं उठली. वायर तिच्या पायात अडकली आणि माझा डोळा फरशीवर आपटला. तिनं तो उचलला, पुसला, स्वतःच्या पोटावर टेकवून बघितला. चित्र येत होतं. फक्त पडद्याच्या डाव्या बाजूला वरून खालपर्यंत एक काळा पट्टा उमटला होता, दीड बोट रुंद. ओळीतले आठ-दहा तुकडे मेले होते. त्यांना ऐकूही येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं.

नियम असा, की डोळा पडला तर कागद भरायचा. कोणाच्या हातून, कधी, कसा. ताईनं कागद काढला, नाव लिहिलं, आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "उद्या भरते हं, आजोबा," ती म्हणाली. उद्याचा परवा झाला. तोपर्यंत ती त्या पट्ट्याला वळसा घालायला शिकली होती. डोळा जरा सरकवायचा, थोडा कलता करायचा, की पट्ट्यामागे लपलेलं दिसायचं. आधी भीती होती, मग सवय झाली, आणि एकदा सवय झाली की माणूस तिचंही कौतुक करून घेतो. कोणी विचारलं की ती हसून म्हणायची, "आजोबांना मोतीबिंदू झालाय. ते फक्त माझंच ऐकतात." आणि लोक म्हणायचे, "वा! ताई म्हणजे ताईच."

आणि मी? मला बोलता येत नाही, ही माझी सबब तयारच आहे. पण खरं सांगू? बोलता आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. दुसऱ्या मजल्यावर नवं कोरं यंत्र आलं होतं. माझा डोळा दुरुस्तीला गेला असता, तर कोणी तरी म्हणालं असतं, कशाला या म्हाताऱ्यावर एवढा खटाटोप, द्या भंगारात. शिवाय मी फक्त ताईचंच ऐकतो, हे मलाही ऐकायला गोड लागायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मी चार वर्षं झाकून ठेवली.

मग आले बदकमास्तर.

ते सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायचे. तीस वर्षांत गावातली निम्मी पोरं त्यांनी पाण्यात ढकलली होती. चालताना पाय बाहेर टाकायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. त्यांची बायको त्याच तलावाच्या खिडकीवर तिकिटं द्यायची. त्यांच्या उजव्या मूत्रपिंडात गाठ होती आणि गुठळी शिरेत चढली होती. यादीत त्यांचा क्रमांक बाविसावा.

पहिल्यांदा ते आले तेव्हा ताई नेहमीप्रमाणे म्हणाली, "खोल श्वास घ्या. धरा." कारण श्वास धरला की यकृत खाली सरकतं आणि शीर नीट दिसते. मास्तरांनी श्वास धरला. ताई चित्रात गुंतली, आणि "सोडा" म्हणायचं विसरून गेली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं आणि ती ओरडलीच, "अहो मास्तर! सोडा, सोडा!" मास्तरांनी सावकाश श्वास सोडला आणि डोळे मिचकावले. "घाई नाही. अजून होता शिल्लक."

"त्यांना काय सांगताय धरायला," त्यांची बायको कोपऱ्यातून म्हणाली. "तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याखालून जातात, एका दमात. दरवर्षी सुट्टी संपली की पोरं काठावर उभी राहून मोठ्यानं आकडे मोजतात. हे वर येईपर्यंत मला धाकधूक, आणि वर आले की यांना टाळ्या."

मास्तर बोलके होते. जेल पुसता पुसता त्यांनी तलावाची एक गंमत सांगितली. खोल बाजूला तळाची एक फरशी फुटली होती, तिची धार पायाला लागायची. दुरुस्तीला वेळ होता. म्हणून त्यांनी निळ्या रंगानं स्वतः एक पाटी रंगवून काठावर ठोकली: 'इथे फरशी फुटली आहे. पाय जपा.'

"तुम्ही तर तिथेच असता की दिवसभर," ताई म्हणाली. "तोंडानं सांगितलं तरी झालं."

"मी रोज थोडाच असणार आहे?" मास्तर म्हणाले.

ताई हसली. मीही मनात हसलो. काय माणूस आहे, एका फरशीसाठी पाटी! आमच्या दोघांच्याही डोक्यात काही म्हणता काही पेटलं नाही.

मोठे डॉक्टर आले तेव्हा मास्तरांनी त्यांना एकच विचारलं. "डॉक्टर, माझा श्वास राहील ना?"

"मूत्रपिंडाचं ऑपरेशन आहे, मास्तर. श्वासाला काय होतंय?"

"मूत्रपिंडं दोन आहेत, एक न्या," बायको म्हणाली. "पण फुफ्फुसाला धक्का लागता कामा नये. हा माणूस पाण्याखाली गेला नाही तर घरात माझं डोकं खाईल."

सगळे हसले. पण मास्तर हसले नाहीत. त्यांना खरंच तेवढंच हवं होतं.

ऑपरेशनची तारीख ठरली, पण मास्तरांना ताप आला आणि ती तीन आठवडे पुढे गेली. नवी तारीख आली तेव्हा ताई रजेवर होती. तिच्या बहिणीचे बाळंतपणाचे दिवस भरले होते, घरी दुसरं कोणी नव्हतं. जाताना तिनं टेबल आवरलं, मला कापडानं झाकलं. पट्ट्याबद्दल तिनं कोणाला सांगितलं नाही. कुठे लिहूनही ठेवलं नाही. तिच्या मनात आलंच नाही, इतका तो पट्टा तिच्या हातात मुरला होता.

बदलीवर दुसऱ्या इमारतीतला तंत्रज्ञ आला. तुम्हाला वाटेल तो निष्काळजी असेल. अजिबात नाही. त्यानं हात धुतले, मास्तरांचं नाव दोनदा विचारलं, जेल कोमट करून घेतलं. मग माझा डोळा टेकवला आणि म्हणाला, "श्वास धरा." मास्तरांनी धरला. पडद्यावर शीर आडवी दिसली, तिच्यात उजवीकडून आलेली गुठळी दिसली. गुठळी डावीकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेनं, सरकत सरकत बरोबर माझ्या काळ्या पट्ट्याच्या कडेला येऊन संपली. पट्ट्याच्या पलीकडे शीर स्वच्छ होती. त्याला वाटलं, पट्टा म्हणजे फासळीची सावली. फासळीची सावली खरोखर अशीच पडते. त्यानं नीट मोजलं आणि लिहिलं: 'टोक यकृताच्या खाली, दोन बोटं अंतर.'

टोक तिथे नव्हतं. ते पट्ट्याच्या आत होतं. तीन आठवड्यांत गुठळी वर चढली होती. अंतर दोन बोटं नव्हतंच, अर्धंच बोट होतं. जिथे चिमटा बसणार, तिथेच गुठळीचं टोक दडून बसलं होतं, आणि त्यावर पांघरूण मी घातलं होतं. सरकव रे बाबा, जरासा सरकव! मी आतल्या आत किती कळवळलो. पण चार वर्षं जो गप्प बसून कौतुक खात होता, त्याच्या कळवळ्याला कोण विचारतो?

मोठे डॉक्टर घाईत आले, पडद्यावरचं चित्र बघितलं, हातावर शीर काढली आणि ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी चिमटा गुठळीवर बसला. शेंगदाण्याएवढा तुकडा तुटून फुफ्फुसात गेला. मास्तरांचा श्वास टेबलावरच कोंडला, ओठ निळे पडले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आणि मोठ्या डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. मास्तर वाचले. बारा दिवस नळ्यांमध्ये होते, आणि एकोणिसाव्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, बाहेर पाय टाकत घरी गेले. पायी घरी.

ताई त्याआधीच रजेवरून परतली होती. आल्या आल्या तिनं मास्तरांची चौकशी केली आणि काय झालं ते ऐकून धावत माझ्याकडे आली. मी काढलेली चित्रं माझ्यातच साठवलेली असतात. तिनं ते चित्र उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. पट्ट्याच्या कडेला चिकटून संपलेली गुठळी तिनं बोटानं शिवली. "अगं आई गं," एवढंच म्हणाली.

पुढच्या एका शनिवारी मोठ्या डॉक्टरांनी यादी वाचली. "बाविसावा. गाठ संपूर्ण काढली. गुठळी ठिसूळ होती, तुकडा तुटला, अशा रोगात ते होतं. एकोणिसाव्या दिवशी पायी घरी." टाळ्या वाजल्या. बावीसपैकी वीस! ताई भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. खोलीत अंधार होता, ते बरं झालं असं तिला वाटलं असेल. मला तरी वाटलं.

त्याहून वाईट पुढे होतं. मास्तरांची बायको कागद न्यायला आली तेव्हा मुद्दाम तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली. तिनं ताईचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही सगळे होतात म्हणून माणूस घरी आला," असं म्हणून तिनं तलावाची दहा तिकिटं ताईच्या हातात कोंबली. "या पोहायला. मास्तर बरे झाले की तेच शिकवतील." ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ती तिकिटं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली, त्या न भरलेल्या कागदावर. तीन महिने ना तिनं तो ड्रॉवर उघडला, ना ती पूर्वीसारखी मुंगीची गोष्ट सांगू शकली.

तीन महिन्यांनी मास्तर तपासणीला आले. बारीक झाले होते. जिना नको म्हणून लिफ्टनं आले, तरी खोलीच्या दारात क्षणभर थांबले. ताईनं जेल लावलं, डोळा टेकवला आणि सवयीनं म्हणाली, "खोल श्वास घ्या. धरा."

मास्तरांनी श्वास घेतला. एक, दोन, तीन, चार. आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ते कुशीवर वळले, डोळ्यांतून पाणी आलं. बायको पाठ चोळू लागली. "हळू, अहो, हळू. आता एवढंच जमतं," ती ताईला म्हणाली, जणू चूक तिची स्वतःचीच असावी. "तलावावर जातात. काठावर खुर्ची टाकून बसतात. पोरं विचारतात, मास्तर, यंदा मोजायचं ना? हे म्हणतात, पाणी गार आहे."

मास्तर सावरले, पाठीवर झाले आणि पडद्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं तीस वर्षं पाण्यात बुडणारी पोरं हुडकली, त्याची नजर ती. "ताई, हा काळा पट्टा कसला?"

एक वाक्य पुरलं असतं. 'तो तसाच असतो, मास्तर.' इतकी वर्षं पुरलं होतंच की. ताईनं माझा डोळा खाली ठेवला.

"ते माझं पाप आहे," ती म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. वायर, फरशी, न भरलेला कागद, वळसा, रजा, टोक. रडून नाही, एकेक करून. शेवटी ड्रॉवर उघडून तिनं ती दहा तिकिटं पलंगावर ठेवली. "ही मला घेता येणार नाहीत."



पहिली बोलली ती बायको. "तुमचे हात धरले मी. आभार मानले! आणि तुम्ही मानून घेतलेत?" तिनं तिकिटं गोळा केली, पर्समध्ये कोंबली आणि चेन ओढली. "चला हो. इथे एक क्षण थांबायचं नाही मला."

मास्तर उठून बसले. पोटावरचं जेल त्यांनी स्वतःच पुसलं. "मला राग आलाय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तेवढा श्वासच नव्हता. "फार राग आलाय. माझं एकच मागणं होतं, ताई. ते गेलं." मग ते थांबले, दम घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. "याला पाटी लावली का?"

ताईनं मानेनंच नाही म्हटलं.

"तीन महिने झाले. म्हणजे माझ्यानंतरही तुम्ही रजेवर गेला असाल. आजारी पडला असाल. तेव्हा याच्यापुढे कोण झोपलं होतं?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. मागच्याच महिन्यात ती दोन दिवस तापानं घरी होती आणि माझ्यापुढे सात जण झोपून गेले होते. त्यांच्यात गुठळीचा कोणी नव्हता, हे निव्वळ नशीब. माफी मागून मोकळं व्हायला निघालेल्या ताईला आणि मला त्या क्षणी कळलं, की आम्ही तीन महिने फक्त स्वतःसाठी लाजत होतो. लाजण्यात पट्टा तसाच राहिला होता.

त्याच दुपारी ताईनं तो कागद भरला. चार वर्षांपूर्वी लिहिलेल्या नावाखाली तिनं खरी तारीख घातली आणि मोठ्या डॉक्टरांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

"पट्टा मी शंभर वेळा पाहिलाय, ताई," ते म्हणाले. "त्या दिवशीही पाहिला. मनात म्हटलं, ताईनं बघितलंय, मग काळजी नाही. खाली सही कोणाची आहे, ते वाचलंच नाही मी." त्यांनी खिशातून यादी काढली, बाविसाव्यापुढचं 'पायी घरी' काही वेळ बघितलं. मग त्याच्याखाली लिहिलं, 'चूक आमची. श्वास गेला.'

त्या शनिवारी त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. ताईलाही बोलायला लावलं. टाळ्या नाहीत, काही नाही. बदलीवर आलेला तो तंत्रज्ञ मागे बसला होता. इतके दिवस त्याचं मन त्यालाच खात होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बैठक संपल्यावर मोठ्या डॉक्टरांनी आधीच्या सगळ्या पायी घरी गेलेल्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. ते एकच विचारायचे, "तुम्हाला जे करायचं होतं, ते करता येतंय का?" कोणी हो म्हणालं. कोणी म्हणालं, एवढं तुम्ही पहिल्यांदाच विचारताय. आता त्यांच्या यादीत निकालाच्या आधी प्रत्येक रुग्णाचं ते 'करायचं होतं' लिहिलेलं असतं.

ताईला लेखी ताकीद मिळाली, दोन वर्षं बढती थांबली. तिनं तक्रार केली नाही. आणि मला? माझा डोळा दुरुस्त होण्यासारखा नव्हता. गुठळीच्या रुग्णांपासून मला दूर केलं, ते योग्यच झालं. मी आता तळमजल्यावर शिकाऊ तंत्रज्ञांच्या वर्गात असतो. भंगाराला एवढा घाबरलो होतो मी. पण मित्रांनो, भंगारात लाज तरी वाटली नसती.

महिन्याभरानं मास्तर तिथे आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. तलावाच्या त्याच निळ्या रंगात, त्याच जाड अक्षरांत रंगवलेली एक छोटी पाटी: 'इथे दिसत नाही. डोळा सरकवून बघा.' ती त्यांनी स्वतः तारेनं माझ्या पडद्याच्या डाव्या बाजूला बांधली, बरोबर पट्ट्याशेजारी. ताई दारात उभी होती, आत यावं की नाही अशी.

"मास्तर, मला माफ..." ती म्हणायला लागली.

"ते नंतर बघू," मास्तर म्हणाले. "आधी तार पक्की धरा."

तिनं धरली. मास्तरांच्या बायकोनं पर्स उघडली, एक तिकीट काढलं आणि ताईकडे न बघता माझ्या बटणांवर ठेवलं. "एक आहे," ती म्हणाली. "बाकीच्या नऊंचं मी अजून ठरवलेलं नाही."

आता ताई दर आठवड्याला वर्ग घेते. पहिल्या दिवशी ती नव्या लोकांना यकृत दाखवत नाही, मूत्रपिंड दाखवत नाही. आधी माझा पट्टा दाखवते आणि तो कोणाच्या हातून झाला ते सांगते. दरवेळी तिचा चेहरा तापतो आणि दरवेळी माझ्या आतला पंखा जोरानं फिरू लागतो. सवय होत नाही. होऊही नये.

मित्रांनो, मला तुम्ही पुसून ठेवा, कापडानं झाका असं काही माझं मागणं नाही. मागणं एवढंच. तुमच्या हातून काही पडलं, फुटलं, बिघडलं, आणि त्याला वळसा घालून काम चालवायला तुम्ही शिकलात, तर त्या हुशारीवर खूश होऊ नका. त्याच दिवशी पाटी लावा. तुम्ही रोज थोडेच असणार आहात?

मास्तर दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात. रोग परत आलेला नाही. तपासणी नव्या यंत्रावर होते, पण मग ते मुद्दाम खाली माझ्या खोलीत येतात, खुर्चीत बसतात आणि ताईला म्हणतात, "मोजा." ताई मोजते. मागच्या वेळी ती अकरापर्यंत पोहोचली. बाराला मास्तरांनी श्वास सोडला, आणि आमच्या तिघांपैकी कोणीच टाळी वाजवली नाही.